पृथ्वीची तापमानवाढ : निसर्गाचा वाटा व मानवाचा वाटा

काही वर्षांपूर्वी बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात सुगीच्या उपकारस्तुतीची उपासना आटोपल्यावर एक वयोवृद्ध शेतकरी चर्चच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. त्या दिवशीच्या प्रवचनात मी तापमानवाढीचा ओझरता उल्लेख केला होता व तिचा दोष माणसाकडे जातो असे म्हटले होते. ते म्हणाले, "फादर, ऊन-पाऊस देवाच्या हातचा. पेरा आणि कापणी थांबायची नाही, असं नोहाला वचन मिळालंय ना? मग ह्यात माणसाचा दोष कुठं आला? आमच्या पणज्याच्या वेळीसुद्धा मोठा दुष्काळ पडलाच होता की." त्यांना मी जे उत्तर दिले ते मलाच अपुरे वाटले. आपणांपैकी अनेक धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना हाच प्रश्न या ना त्या रूपाने विचारला जात असेल. म्हणून तो नीट उलगडून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न वरवर विज्ञानाचा दिसत असला तरी त्याचे मूळ नीतिशास्त्रात आहे. भूकंपाबद्दल कोणी पापनिवेदन करीत नाही, खोट्या मापाबद्दल करतो. निसर्गाने घडलेले अरिष्ट आणि माणसाच्या कृतीने ओढवलेले अरिष्ट यांत आपण भेद करतो, कारण पहिल्यात सांत्वन पुरे होते, तर दुसऱ्यात वर्तनही बदलावे लागते. तेव्हा तापमानवाढीत निसर्गाचा वाटा किती व मानवाचा किती, हे ठरविल्यावाचून आपल्या उपदेशाला पायाच राहत नाही.

१. उष्णता कशी साठते

सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो, भूमी व समुद्र तापतात आणि ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने पुन्हा अवकाशाकडे परत जाऊ लागते. वातावरणातील काही वायू सूर्यप्रकाशाला अडवीत नाहीत, परंतु ही परत जाणारी उष्णता शोषून घेतात व तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवितात. यांनाच हरितगृह वायू म्हणतात. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे त्यांतील प्रमुख होत. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. ते सुमारे १५ अंश आहे, यावरून हे आवरण मुळात उपकारकच आहे हे ध्यानी येईल. संकट आवरणाचे नसून ते अल्पावधीत जाड होण्याचे आहे.

हे ज्ञान नवे नाही. फ्रान्समधील फूरिये यांनी १८२४ साली वातावरण उष्णता राखते ही कल्पना मांडली. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट यांनी व १८५९ मध्ये टिंडॉल यांनी प्रयोगांनी या वायूंचा गुण दाखविला. १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलल्यास पृथ्वीचे तापमान किती बदलेल याचे गणितही केले.

२. निसर्गाची कारणे

हवामान पूर्वीही बदलत असे, हे त्या शेतकऱ्याचे म्हणणे अगदी खरे होय. या बदलांची प्रमुख कारणे चार सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे पृथ्वीची चाल. तिची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या आवर्तनात कमीअधिक लांबट होते, तिच्या आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांत कमीजास्त होतो आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे आसाची दिशा सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पुरा करते. सर्बियाचे गणिती मिलान्कोविच यांनी याच बदलांच्या आधारे हिमयुगांची कारणमीमांसा केली. दुसरे कारण सूर्य. सुमारे ११ वर्षांच्या चक्रात त्याचे तेज साधारणतः एक दशांश टक्क्याने बदलते.

तिसरे कारण ज्वालामुखी. इंडोनेशियातील तांबोरा पर्वताचा १८१५ साली प्रचंड स्फोट झाला. त्याच्या गंधकयुक्त धुरक्याने सूर्यप्रकाश इतका अडविला की, १८१६ साली युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळा जाणवलाच नाही आणि पिके बुडाली. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबोच्या उद्रेकाने पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड झाली, परंतु दोन-तीन वर्षांत तो परिणाम ओसरला. याहून विराट साक्ष आपल्या पायांखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाखो वर्षे चाललेल्या लाव्हाच्या पुरांनी दख्खनचे पठार घडले. बेळगावची काळी माती, इंदूरभोवतीचे माळव्याचे पठार व वडोदऱ्याजवळचा पावागड ही त्याच लाव्हाची लेकरे होत. इतक्या दीर्घ उद्रेकातून निघालेले वायू हवामान बदलू शकतात. मात्र त्या मापाचा उद्रेक आज पृथ्वीवर कोठेही चालू नाही.

चौथे कारण समुद्राची आंदोलने. प्रशांत महासागरातील एल निनो या स्थितीत समुद्राची उष्णता हवेत येते व पृथ्वीचे तापमान काही महिने वाढते. आपला मान्सूनही अशा वर्षी अनेकदा दुबळा होतो. १८७७ साली प्रबळ एल निनो होता आणि १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. पणज्याच्या काळचा दुष्काळ बहुधा हाच. परंतु त्या वेळीही पाऊस निसर्गाने रोखला असला तरी देशातून धान्याची निर्यात माणसे करीतच होती. निसर्गाचे कारण आणि मानवाचे कारण एकाच अरिष्टात गुंतलेले असू शकते, हा धडा येथेच घेऊन ठेवावा.

३. मानवाची कारणे

दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे व सूक्ष्म जीवांचे अवशेष होत. त्या जीवांनी हवेतून घेतलेला कार्बन भूगर्भात पुरला गेला होता. तो आपण दोनशे-अडीचशे वर्षांत उकरून जाळीत आहो. या इंधनांच्या ज्वलनातून व सिमेंटसाठी चुनखडी भाजण्यातून आज दरवर्षी साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जंगलतोडीची भर निराळी. भातखाचरे, गुरांचे रवंथ, कुजणारा कचरा व कोळसा-तेलाच्या खाणी यांतून मिथेन निघतो, तर नत्रयुक्त खतांतून नायट्रस ऑक्साइड.

परिणाम मोजता येण्याजोगा आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांचा हिशेब मिळतो. त्या साऱ्या काळात हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हिमयुगात सुमारे १८० व उबदार काळात सुमारे २८० भाग असे वरखाली होत राहिले, पण ३०० च्या पलीकडे फारसे गेले नाही. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. २०२४ साली ते ४२० च्या पुढे गेले.

मानवाच्या कृतीचा एक उलटा परिणामही सांगितला पाहिजे. धूर व धूलिकण सूर्यप्रकाश अडवून काही प्रमाणात थंडावा देतात. उत्तर भारतावरील दाट धुरक्याने तेथील तापमानवाढ काही अंशी झाकून ठेवली आहे. परंतु जो धूर फुप्फुसे जाळतो त्याला छत्री म्हणता येणार नाही.

४. दोष कोणाचा, हे कसे ओळखावे

येथे विज्ञानाची रीत चौकशी अधिकाऱ्यासारखी आहे. प्रत्येक संशयिताची खूण वेगळी असते आणि ती घटनास्थळी सापडते की नाही हे पाहिले जाते.

सूर्याचे तेज १९७८ पासून उपग्रहांद्वारे सतत मोजले जात आहे. त्यात चढता कल नाही, पृथ्वीचे तापमान मात्र याच काळात चढत गेले. शिवाय सूर्यामुळे तापमान वाढते, तर वातावरणाचे खालचे व वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि वरचा, ज्याला स्थितांबर म्हणतात तो, थंड होत आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास असेच घडेल, हे मनाबे व वेदराल्ड यांनी १९६७ सालीच गणिताने दाखविले होते. मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

पृथ्वीच्या कक्षेचे व आसाचे बदल हजारो वर्षांच्या गतीने चालतात. मागील हिमयुग संपताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, पण त्याला हजारो वर्षे लागली. आजची एक अंशाहून अधिक वाढ दीडशे वर्षांतील आहे. एल निनो उष्णता समुद्रातून हवेत आणतो, म्हणजे समुद्र थंड व्हावयास हवा. प्रत्यक्षात साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रातच गेली आहे. खिशातील पैसे पेटीत टाकल्याने संपत्ती वाढत नाही. येथे तर खिसा व पेटी दोन्ही भरत आहेत.

राहिला ज्वालामुखी. आजचे सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो मानवाने सोडलेल्या वायूच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. आणि हवेतील नवा कार्बन आपले कूळ स्वतःच सांगतो. किरणोत्सर्गी कार्बन-१४ काही हजार वर्षांत निम्मा होत जातो, म्हणून कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरलेला नसतो. हवेतील त्याचे प्रमाण जीवाश्म इंधनांमुळे विरळ होत असल्याचे हान्स स्यूस यांनी १९५५ साली झाडांच्या वाढीच्या कड्यांवरून दाखविले. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही कार्बन-१४ नसतो हे खरे, परंतु वनस्पतिजन्य कार्बनमध्ये कार्बन-१३ कमी असतो आणि हवेत तोही कमी होत चालला आहे. सोबत हवेतील प्राणवायूही किंचित घटत आहे, जी ज्वलनाची उघड खूण होय.

हे सर्व पुरावे एकत्र तपासून आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०२१ च्या अहवालात निष्कर्ष दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून २०१० ते २०१९ या दशकापर्यंत मानवी कारणांनी झालेली वाढ सुमारे १.०७ अंश आहे. सूर्य व ज्वालामुखी यांचा वाटा वजा ०.१ ते अधिक ०.१ अंश, म्हणजे जवळजवळ शून्य. २०२४ हे वर्ष तर औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने दीड अंशापलीकडे गेलेले पहिले वर्ष ठरले.

५. उपदेश करताना घ्यावयाची काळजी

एवढे कळल्यावर व्यासपीठावरून 'माणूस दोषी' असे सरसकट बोलण्याचा मोह होतो. माझी त्या दिवशीची चूक हीच होती. माणूस हा शब्द सर्वांना सारखा लागू पडत नाही. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, तर अमेरिकेत सुमारे चौदा टन आहे. आपल्या देशातही शेतमजूर व विमानाने हिंडणारा धनिक यांचा वाटा एक नव्हे. मात्र एकूण उत्सर्जनात भारत आज जगात तिसरा आहे, तेव्हा सर्व दोष परक्यांवर टाकणेही सत्याला धरून होणार नाही. दोष वाट्याप्रमाणे वाटला पाहिजे. न केलेल्या पापाचे ओझे गरिबाच्या खांद्यावर ठेवणे हाही अन्यायच होय.

दुसरी काळजी अशी की, प्रत्येक संकट तापमानवाढीच्या नावे मांडू नये. गावातील विहीर आटली तर आधी शेजारच्या कूपनलिका मोजाव्यात. ओढ्याला पूर आला तर पात्रात बांधकाम कोणी केले ते पाहावे. अतिशयोक्ती एकदा उघडी पडली की लोक सत्यालाही कान देत नाहीत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच तोल सांभाळला आहे. ज्वालामुखी, पृथ्वीची कक्षा व सूर्य या नैसर्गिक कारणांची दखल घेऊन, अलीकडील वाढीचे मुख्य कारण मानवी व्यवहारांतील वायू असल्याचे वैज्ञानिक अभ्यास दर्शवितात, असे त्यांनी तेथे नमूद केले. निसर्गाचे कारण नाकारल्यावाचून मानवाची जबाबदारी सांगता येते, हे यातून दिसते.

पुढे त्या शेतकऱ्यांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "बाबा, तुमचं अर्धं म्हणणं खरं होतं. ऊन-पाऊस देवाचा, आणि तो आपल्या वचनाला जागतो. पण चुलीत लाकूड कोण घालतं, हे चुलीला विचारून कळत नाही, घरच्यांना विचारावं लागतं. आणि ह्या चुलीत सगळ्यात जास्त लाकूड तुम्ही घातलेलं नाही, हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग ज्यांनी घातलं, त्यांनाही सांगा." ते सांगणे अजून पुरे झालेले नाही.