मोडीतल्या रायफलींचा चढता भाव

पंधरा-वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या खेळसाहित्याच्या साखळी दुकानांत तंबू, सायकली आणि मासेमारीच्या गळांशेजारी दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन रायफली उभ्या करून ठेवलेल्या असत. मोसिन-नागां ९१/३० हे तिचे नाव. किंमत शंभर डॉलरच्या आत. त्यात संगीन, चामडी काडतूसपेट्या, पट्टा आणि दोन तोंडांची तेलाची डबी फुकट. डबीच्या एका तोंडात तेल आणि दुसऱ्यात नळी धुण्याचे क्षारयुक्त द्रावण, कारण त्या काळच्या काडतुसांतली रसायने नळीला गंज आणत. आज तीच रायफल तीनशे ते पाचशे डॉलरला जाते, आणि डबी-पट्ट्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. दुकानातून तर ती केव्हाच गेली. आता ती लिलावात किंवा एखाद्या संग्राहकाच्या पश्चात त्याच्या घरच्यांनी काढलेल्या विक्रीत भेटते.

मोसिन-नागां दुर्मीळ होईल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. झारच्या काळात १८९१ साली स्वीकारलेल्या या रायफलीचे सगळे प्रकार मिळून तीन कोटींहून जास्त नग बनले. म्हणूनच तिची गोष्ट बोलकी आहे. ज्या वस्तूचे डोंगर रचलेले होते तीही पंधरा-वीस वर्षांत महाग होते, याचे कारण तिच्या पोलादात किंवा लाकडात सापडत नाही. ते सरकारी कागदात शोधावे लागते.

सैन्यातून बाद झालेल्या बंदुका अमेरिकन माणसाला स्वस्तात मिळणे हा प्रकार मुळात दुसऱ्या महायुद्धानंतरचा. पन्नासच्या दशकात युरोपातल्या सैन्यांनी हाताने बोल्ट ओढायच्या रायफली टाकून स्वयंचलित हत्यारे घ्यायला सुरुवात केली आणि लक्षावधी जुन्या रायफली गोदामांत पडून राहिल्या. सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या तरुणाने हे हेरले. पूर्वी सीआयएची नोकरी केलेल्या या गृहस्थाने १९५३ साली पुढे ‘इंटरआर्म्स’ म्हणून गाजलेली कंपनी काढली, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी पोटोमॅक नदीच्या काठची गोदामे घेतली आणि जगभरच्या सैन्यांचा टाकाऊ माल तिथे आणून ओतला. माल कवडीमोल होता, म्हणून गिऱ्हाईकही चिक्कार. शिकाऱ्यांनी त्या रायफली नेल्या, दस्त्याचे लाकूड कापले, नळी आखूड केली, जुनी नेम धरायची खूण काढून दुर्बीण बसवली. आज मूळ रूपातली रायफल महाग असण्याचे एक कारण त्या करवतीतच आहे. तेव्हा वीस-तीस डॉलरला आणलेली वस्तू कापताना कुणाचा हात थरथरणार?

या आयातीवर न्यू इंग्लंडमधले बंदूक कारखानदार चिडले होते. त्यांच्या बाजूने १९५८ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने परदेशी लष्करी बंदुकांची आयात बंद करण्याचे विधेयक मांडले. ते पुढे गेले नाही. त्या सिनेटरचे नाव जॉन एफ. केनेडी. पाच वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये ज्या रायफलीने त्यांचा जीव घेतला ती इटालियन सैन्यातून बाद झालेली कार्कानो होती. शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर संपादकाने ‘फारच जुळवून आणले आहे’ म्हणून परत पाठवले असते.

केनेडींच्या हत्येनंतर पाच वर्षांनी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेही खून पडल्यावर, १९६८चा बंदूक नियंत्रण कायदा आला. त्याने टपालाने बंदुका विकणे थांबवले आणि परदेशी लष्करी मालाची आयातही बंद केली. नळ पहिल्यांदा बंद झाला तो असा. १९८४ साली व्यापार कायद्यातल्या एका दुरुस्तीने तो अर्धवट उघडला. पन्नास वर्षांहून जुन्या किंवा खास ऐतिहासिक मोल असलेल्या बंदुकांना ‘दुर्मीळ चीज’ म्हणून वेगळे स्थान मिळाले आणि त्या आणायला परवानगी झाली. संग्राहकाने तीस डॉलर भरून तीन वर्षांचा परवाना काढला की अशी चीज थेट त्याच्या दारात येऊ लागली. त्या परवान्याची एक वही असते. आलेली-गेलेली प्रत्येक बंदूक तिच्यात लिहावी लागते.

मग बर्लिनची भिंत पडली आणि सोव्हिएत संघ कोसळला. रशिया, युक्रेन आणि पूर्व युरोपातल्या कोठारांत अर्धशतक झोपलेला माल डॉलरसाठी बाहेर आला. लाकडी खोक्यांतून येणाऱ्या त्या रायफली कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी, चिकट ग्रीसने माखलेल्या असत. ते काढण्यासाठी लोक उकळते पाणी वापरत, काही जण सुटे भाग काळ्या पिशवीत घालून उन्हात तापवत. ग्रीस निघाले की खालची कहाणी दिसे. लढाई संपल्यावर सोव्हिएत कारखान्यांनी या रायफली पुन्हा खोलून, दुरुस्त करून, लाकडाला लाखेचे लालसर रोगण देऊन ठेवल्या होत्या. बोल्टवरचा मूळ क्रमांक रेघ मारून खोडलेला, शेजारी नव्या नळीशी जुळणारा क्रमांक ठोकलेला. १९४२ साली इझेव्स्कच्या कारखान्यात बनलेली रायफल हातात घेतली तर धातूवर कानशीचे आणि लेथचे ओरखडे तसेच दिसतात. जर्मन फौजा आत घुसलेल्या असताना पॉलिश करायला वेळ कुणाला होता?

याच लाटेत जर्मन माउझरही आल्या, रशियनांनी लढाईत जिंकून घेतलेल्या. गरुडाचे शिक्के काही ठिकाणी ठोकून बुजवलेले, भाग एकमेकांशी न जुळणारे. आली चिनी आणि युगोस्लाव्ह एसकेएस रायफल. आणि आली माझ्या मते या सगळ्यांत देखणी, स्वित्झर्लंडची के-३१. युद्ध कधीच न पाहिलेली रायफल. तिच्या दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी दोन स्क्रू काढून उघडली की आत कित्येकदा एक कागदाची चिठ्ठी सापडते. त्या चिठ्ठीवर रायफल बाळगणाऱ्या सैनिकाचे नाव, तुकडी, गाव. अमेरिकन संग्राहकांनी त्या पत्त्यांवर पत्रे पाठवली, म्हाताऱ्या स्विस गृहस्थांनी उत्तरे दिली, काहींनी गणवेशातला जुना फोटोही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रायफल शंभर-सव्वाशे डॉलरला मिळे. आज तिचा भाव कितीतरी पट आहे, आणि चिठ्ठी असेल तर विकणारा जाहिरातीत ती आधी दाखवतो.

या स्वस्ताईची सवय झालेल्या पिढीला वाटले, हे असेच चालणार. पण नळ एकेक करून बंद होत होते. मे १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने चिनी बंदुका आणि काडतुसांची आयात थांबवली. शंभर डॉलरच्या आसपासची चिनी एसकेएस त्या दिवसापासून नवी येणे संपले. १९९६च्या करारात रशियाने अमेरिकेला कोणती हत्यारे पाठवायची याची यादीच ठरवून घेतली. २००५ साली नाटोच्या पैशांतून युक्रेनमधली १५ लाख छोटी हत्यारे नष्ट करण्याची योजना आखली गेली. संयुक्त राष्ट्रांचा २००१चा कृती आराखडाही हेच सांगत होता की जादा हत्यारे विकण्यापेक्षा वितळवावीत. यामागचे कारण कुणी नाकारू नये. बाल्कन आणि आफ्रिकेतल्या कत्तलींत वापरलेली हत्यारे अशाच कोठारांतून निघाली होती. संग्राहक हळहळतो ते ठीक, पण भट्टीत गेलेली प्रत्येक बंदूक भिंतीवर टांगण्याच्याच लायकीची होती असे नाही.

अमेरिकेच्या स्वतःच्या रायफलीची कथा तर आणखी गमतीची. एम-१ गॅरंड ५० लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या लाखो मित्रराष्ट्रांना मदत म्हणून वाटल्या गेल्या. दक्षिण कोरियाने २००९च्या सुमारास आपल्याकडच्या सुमारे ८६ हजार गॅरंड परत अमेरिकन बाजारात विकायचे ठरवले, तर परराष्ट्र खात्याने त्यात खोडा घातला, आणि २०१३ साली ओबामा सरकारने अशा खासगी पुनरायातीवर धोरण म्हणूनच बंदी आणली. उरली ती एकच वाट. संसदेने १९९६ साली स्थापन केलेली नागरी नेमबाजी संस्था, जी अलाबामातल्या ॲनिस्टन आणि ओहायोतल्या कॅम्प पेरी इथून सैन्याच्या जुन्या रायफली नागरिकांना विकते. फिलिपाइन्स आणि तुर्कस्तानातून परत आलेल्या जवळपास एक लाख गॅरंड तिच्याकडेच गेल्या. पूर्वी पाचसहाशे डॉलरला मिळणारी बरी गॅरंड आता हजाराच्या आसपास आहे. तिची धाकटी बहीण एम-१ कार्बाइन साठच्या दशकात वीस डॉलरला मिळायची, यावर नव्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही.

मागणीच्या बाजूनेही भर पडली. २००१ साली स्टालिनग्राडच्या नेमबाजावर हॉलिवूडचा चित्रपट आला, त्यापाठोपाठ महायुद्धाचे व्हिडिओ गेम. पडद्यावर जी रायफल हजार वेळा झाडली ती एकदा खरी हातात घ्यावी असे वाटणारी पिढी आता कमावती झाली आहे. त्यात २०२० साली टाळेबंदी आणि दंगलींच्या भीतीने अमेरिकेत बंदूकखरेदीचा विक्रम झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये रशियन विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगावरून रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आले, आणि गोळ्याच महाग झाल्यावर ‘रायफल स्वस्त, काडतूस त्याहून स्वस्त’ हे जुने गणितही मोडले. फेब्रुवारी २०२२ मधल्या युक्रेनवरच्या रशियन आक्रमणानंतर तर डोनबासच्या बाजूने जबरदस्तीने भरती केलेल्या पोरांच्या हाती मोसिन-नागां दिसल्या. संग्रहालयात जायच्या वयाची रायफल पुन्हा खंदकात गेली.

काडतुसांवरून आपल्याकडे यावे लागते. अमेरिकेत गेलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे दिसली की संग्राहक ती पुण्याजवळच्या खडकीची म्हणून ओळखतात; तिथला दारूगोळा कारखाना १८६९चा. पुढे भुसावळजवळच्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनलेली ७.६२ मिलिमीटरची काडतुसेही तिथे पोहोचली. खरे सांगायचे तर त्या मालाबद्दल तिथल्या नेमबाजांनी नाके मुरडली. स्वस्त होता म्हणून खपला.

रायफलीची गोष्ट मात्र वेगळी. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफिल्ड, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री, बनवल्या. १९६२च्या चीन युद्धानंतर त्याच साच्यात, ७.६२ची नाटो गोळी झाडणारी ‘टू-ए’ आणि १९६५पासून ‘टू-ए-वन’ काढली. बारा गोळ्यांचे चौकोनी मॅगझिन ही तिची खूण. ऐंशी-नव्वदच्या दशकांत या रायफली अमेरिकेत गेल्या आणि अगदी हलक्या भावात विकल्या गेल्या. जुन्या इशापुरी थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्याच्या बेचक्यातल्या पोलादी कड्यावर मुकुट, त्याखाली ‘जीआरआय’ म्हणजे सम्राट जॉर्ज, कारखान्याचे नाव आणि साल असते. प्रजासत्ताकानंतरच्या रायफलीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. काहींच्या पुढच्या लाकडाला तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे असतात. त्यातून बॉम्ब फेकत, तेव्हा लाकूड फुटू नये म्हणून. एकेकाळी ‘हिंदुस्थानी माल’ म्हणून बाजूला सारलेल्या या रायफली आता संग्राहक शोधत फिरतात.

नेपाळचा खजिनाही याच उपखंडातला. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, राणांच्या काळापासून साठलेली हत्यारे २००३ साली दोन अमेरिकन कंपन्यांनी विकत घेतली. ५० हजारांहून अधिक बंदुका, त्यांत मार्टिनी-हेन्री, स्नायडर आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या ब्राउन बेस. १८९८ पर्यंतची बंदूक अमेरिकन कायद्याने बंदूकच नाही, पुरातन वस्तू आहे, म्हणून त्या सहज विकल्या गेल्या. एवढा जुना साठा एकाच छताखाली पुन्हा कुठे मिळेल असे मला वाटत नाही.

भाव चढला की नकला येतात, हा बाजाराचा नियम. त्यात पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर जुने उस्ताद. अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी बाजारांतून ‘ब्रिटिश’ मार्टिनी हौसेने घेतल्या. घरी जाऊन पाहतात तो ‘एनफिल्ड’मधले इंग्रजी ‘एन’ उलटे कोरलेले! आताचे नकलाकार इतके भोळे नाहीत. साधी मोसिन घेऊन, तिला दुर्बिणीची बैठक बसवून ती ‘स्नायपर’ म्हणून विकणारे आहेत, माउझरवर एसएसचे शिक्के मारणारे आहेत. त्यामुळे जाणते गिऱ्हाईक रायफलीआधी कागद मागते: सैनिकाचे घरी नेण्याचे परवानापत्र, जुनी पावती, क्रमांकांची नोंद.

भारतात हा बाजार नाहीच. थ्री-नॉट-थ्री हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. सर्वसामान्य परवानाधारकाला तो मिळत नाही. म्हणून तर इशापूरने त्याच धाटणीची, पण वेगळ्या गोळीची ३१५ बोअरची रायफल नागरिकांसाठी काढली, आणि आपल्याकडे कुणाच्या घरी ‘रायफल’ असली तर बहुधा तीच असते. खरी थ्री-नॉट-थ्री राहिली पोलिसांकडे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर आपल्या शिपायांच्या हाती होती ती हीच. त्यानंतर तिला निरोप देण्याची घाई झाली आणि ती योग्यच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी तिला संचलनात रीतसर मानवंदना देऊन निवृत्त केले.

निवृत्त रायफली मोडीत जाणार, त्याला हरकत नाही. त्या परदेशी संग्राहकांना विकाव्यात असेही मी म्हणणार नाही. मात्र पोलीस मुख्यालयांच्या शस्त्रागारांत प्रत्येक रायफलीची नोंदवही असते: क्रमांक, आल्याचे साल, कोणत्या ठाण्याला कधी दिली, दुरुस्तीला कधी गेली. रायफलीसोबत ती वहीही रद्दीत जाऊ नये. प्रत्येक जिल्ह्याने नळी बंद केलेल्या दोन-चार रायफली आणि त्यांच्या वह्या जिल्हा संग्रहालयाकडे सोपवाव्यात. गृहखात्याच्या एका परिपत्रकाने हे होण्यासारखे आहे.