मराठीत बोला, कोरकूत ऐका. उलटं मात्र अवघड का?

मेळघाटात दवाखान्यात आलेली कोरकू आई लेकराचं दुखणं सांगते, पण मराठी डॉक्टरला ते कळत नाही. अशा वेळी बोलता शब्दकोश कामी येऊ शकतो. मोबाईलवर ‘ताप’ म्हणायचं. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून शब्द ओळखतं आणि साठवलेला कोरकू शब्द ऐकवतं.

मराठी फोनला कळते, कारण तिचं रेकॉर्डिंग भरपूर आहे. कोरकू मुंडा कुळातली, २०११ च्या जनगणनेत बोलणारे सुमारे ७ लाख. पण रेकॉर्डिंग थोडं. म्हणून उलटं अवघड जातं.

उपाय गावातच आहे. म्हातारे, बाया, पोरं यांच्या आवाजात एकेक शब्द शांत जागी, परवानगी घेऊन रेकॉर्ड करावा. सोबत मराठी अर्थ नोंदवावा. औषधोपचारात मात्र दुभाषी माणूस हवाच.