आकाशाचे रंग आणि अमूर्त चित्रकला

अवकाशातील तेजोमेघांची छायाचित्रे पाहताना अनेकांना अमूर्त चित्रांची आठवण होते. या छायाचित्रांतील रंग मात्र बहुधा डोळ्यांना दिसणारे नसून विचारपूर्वक दिलेले असतात.

हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातील ‘निर्मितीचे स्तंभ’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दुर्बिणीचा कॅमेरा निरनिराळ्या गाळण्यांतून कृष्णधवल प्रतिमा घेतो. हायड्रोजन आणि गंधक यांचा टिपलेला प्रकाश मुळात लालच होता. दोन्ही वेगळे ओळखता यावेत म्हणून हायड्रोजनला हिरवा, गंधकाला लाल, तर ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. साहजिकच त्यांना रंगही नसतो. लहरींची तीव्रता मोजून संगणक प्रतिमा तयार करतो आणि कोणत्या तीव्रतेला कोणता रंग द्यायचा, हे शास्त्रज्ञ ठरवतात.

चित्रकाराचा मार्ग याहून वेगळा असतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘मरिनर ९’ हे यान मंगळाजवळ पोहोचले, तेव्हा धुळीच्या प्रचंड वादळाने तो ग्रह झाकला गेला होता. या बातम्यांवरून अमेरिकेतील निवृत्त कलाशिक्षिका अल्मा थॉमस यांनी १९७२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, ‘मार्स डस्ट’ हे चित्र रंगवले. त्यात डोंगर नाहीत, विवरे नाहीत. लाल रंगाच्या लहान लहान फटकाऱ्यांमधून डोकावणारा निळा रंग तेवढा आहे.

भारतात या दोन्ही वाटा एका संस्थेत शेजारी नांदतात. जीएमआरटी चालवणारे पुण्याचे केंद्र मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. स्वतः चित्रे काढणारे होमी भाभा यांनी या संस्थेसाठी जमवलेल्या कलासंग्रहात वासुदेव गायतोंडे यांची चित्रे आहेत. गायतोंडे यांनी आकाश रंगवल्याचा दावा केला नाही. आपल्या बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिले नाही.

रंगांची निवड दोघेही करतात. शास्त्रज्ञाच्या प्रत्येक रंगामागे मोजलेली राशी असते आणि तिचा हिशेब त्याला द्यावा लागतो. चित्रकारावर ते बंधन नसते. म्हणूनच दुर्बिणीच्या प्रतिमेतील रंग कृत्रिम असले, तरी ती प्रतिमा काल्पनिक ठरत नाही.