हवेचें रिव्हेट-यंत्र : आघात कोणाचा, प्रत्याघात कोणावर?

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत घरांतील मुलांना घेऊन आम्ही नागपुरांतील मोतीबागेचें नॅरोगेज रेल्वे-संग्रहालय पाहावयास गेलों होतों. २००२ सालीं उघडलेलें हें संग्रहालय जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या लहान रुळांवरील गाड्यांची आठवण जपून ठेवतें. वाफेच्या एका इंजिनाजवळ आमची सात वर्षांची नात थबकली आणि पत्र्यावर ओळीनें बसविलेल्या अर्धगोल गाठींवरून बोट फिरवीत विचारूं लागली, "आजोबा, हीं बटणें कशाचीं?" आम्हीं सांगितलें, "यांस रिव्हेट म्हणतात. कारखान्यांतील मंडळी रिपिट म्हणतात. हीं बटणें एकदां लावलीं कीं पुन्हां निघत नाहींत." यावर तिनें दुसरा प्रश्न टाकला, "मग हें लावतांना आंतल्या बाजूला कोण होतें?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर यंत्रविद्येचें कोणतेंहि पुस्तक देईल. दुसरा प्रश्न मात्र आमच्या मनांतून जाईना. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि द्विवचन शिकवितांना, जीं कामें एकट्यानें होतच नाहींत अशांचीं उदाहरणें आम्ही मुलांस देत असूं. रिव्हेट बसविणें हें तसेंच द्विवचनी काम आहे. एक जण ठोकतो, दुसरा पलीकडून धरतो. ठोकणारा सर्वांना दिसतो. धरणारा कोणाला दिसत नाहीं. रिव्हेट-यंत्राची रचना समजून घ्यावयाची तर या दुसऱ्याकडे लक्ष ठेवूनच ती समजून घेतली पाहिजे.

खुंटीचें दुसरें डोकें

रिव्हेट म्हणजे एका टोंकास अर्धगोल डोकें असलेली पोलादी खुंटी. संस्कृतांत तिला कीलक म्हणतां येईल. दोन पत्रे जोडावयाचे असतां दोहोंतून आरपार भोंक पाडतात. खुंटी २० मिलिमीटर जाडीची असेल तर भोंक सुमारें दीड मिलिमीटर मोठें ठेवितात, कारण ती तापवून घालावयाची असते व तापलेलें पोलाद फुगतें. पत्र्यांच्या पलीकडे खुंटीचा जो भाग उरतो तो तिच्या जाडीच्या सव्वा ते दीड पट लांब असावा लागतो. कमी पडल्यास दुसरें डोकें अपुरें बनतें. जास्त झाल्यास डोक्याभोंवतीं धातूची झालर सुटते. भट्टींत लालबुंद केलेली खुंटी भोंकांत घातल्यावर तिच्या तयार डोक्यामागें एक जण 'डॉली' नांवाचा जड पोलादी ठोकळा दाबून धरतो. दुसऱ्या बाजूनें वाटीसारखा खळगा असलेला 'स्नॅप' टेंकवून त्यावर घाव घातले कीं उरलेल्या भागाचें दुसरें डोकें घडतें.

खरें कौतुक यापुढचें आहे. निवतांना पोलाद आखडतें. लाल तापापासून हवेच्या उष्णतेपर्यंत येतांना १०० मिलिमीटर लांबीची खुंटी सुमारें एक मिलिमीटर आखूड होऊं पाहाते. पण दोहों बाजूंचीं डोकीं तिला तसें होऊं देत नाहींत. त्यामुळें ती ताणलेल्या दोरीप्रमाणें दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरते. नागपुरांत १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू झाली, त्या काळीं वाफेचे बॉयलर रिव्हेटांनींच जोडीत असत. वाफेचा दाब कोंडून ठेवण्याची व आगगाडीचे हादरे सोसण्याची शक्ति पुष्कळ अंशीं या आवळण्यांत होती.

दाबणारें यंत्र

हातानें हें काम करावयास दोन ठोकणारे, एक धरणारा व एक पोर अशी टोळी लागे. मँचेस्टर येथील कारखानदार विल्यम फेअरबेर्न यांनीं दिलेल्या हिशेबाप्रमाणें अशी टोळी तासाला पाऊण इंची ४० रिव्हेट बसवी. १८३७ च्या सुमारास त्यांच्याकडील बॉयलर बनविणाऱ्या कामगारांनीं संप केला, तेव्हां त्यांनीं रिव्हेट ठोकण्याऐवजीं दाबून बसविणारें यंत्र तयार करविलें. तें मिनिटाला ८, म्हणजे तासाला ४८० रिव्हेट बसवूं लागलें. संपाच्या पोटीं जन्मलेलें यंत्र कामगारांस गोड कसें वाटावें? तरी त्यांत त्यांच्या हिताची एक गोष्ट होती. दाबणारें यंत्र ठणठणाट करीत नाहीं.

पुढें १८६५ सालीं ट्वेडेल या इंग्रज इंजिनियरानें पाण्याच्या दाबाचें रिव्हेट-यंत्र काढलें. दाबलेल्या हवेचें सामर्थ्यहि त्याच सुमारास लोकांच्या प्रत्ययास आलें होतें. आल्प्स पर्वतांतील मॉन सेनी बोगद्यांत १८६१ पासून हवेच्या यंत्रांनीं खडक पोखरला जात होता. हवा रबरी नळींतून वाटेल तेथें नेतां येते, टांकींत सांठवितां येते. गळली तरी वाफेसारखी भाजत नाहीं, आणि काम झाल्यावर तिला परत नेण्याची खटपट नको, तेथेंच सोडून द्यावी. या गुणांमुळें रिव्हेटच्या कामांत तिचा शिरकाव झाला.

आतां हवेच्या दाब-यंत्राची घडण पाहूं. कारखान्यांत हवेचा दाब साधारणपणें चौरस इंचास १०० पौंड असतो. दहा इंच व्यासाच्या नळकांड्यांत सरकणाऱ्या दट्ट्याचें क्षेत्रफळ साडेअठ्याहत्तर चौरस इंच भरतें. म्हणजे त्यावर सुमारें ७,८५० पौंड, साडेतीन टन, बळ येतें. जाड रिव्हेटचें डोकें एका दाबांत घडवावयास तें पुरत नाहीं. ही उणीव कोपर-सांध्यानें भरून काढतात. दोन दांडे एका खिळीनें जोडून कोपरासारखे वांकवितात. एकाचें टोंक चौकटीस पक्कें असतें, दुसऱ्याचें टोंक स्नॅप धरणाऱ्या सरकत्या ठोकळ्यास जोडलेलें असतें. दट्ट्या कोपरावर जोर देऊन दोन्ही दांडे एका रेषेंत आणूं लागतो. दांडे त्या रेषेपासून दहा अंश कललेले असतां दट्ट्याच्या बळाच्या जवळजवळ तिप्पट बळ स्नॅपवर पडतें. पांच अंशांवर तें पावणेसहा पट होतें. आणि दोन अंशांवर चौदा पट! साडेतीन टनांचे पन्नास टन झाले ते असे.

यांत निसर्गाशीं छान मेळ बसला आहे. आरंभीं खुंटी मऊ असते, तिला थोडें बळ पुरतें व ठोकळा लांब सरकावा लागतो. शेवटीं ती निवूं लागलेली असते, तेव्हां सरकणें थोडें पण बळ पुष्कळ लागतें. कोपर-सांधा नेमकें तसेंच देतो. त्याचा दोष एवढाच कीं, पूर्ण बळ अगदीं शेवटच्या क्षणींच मिळतें. म्हणून पत्र्यांची जाडी बदलली कीं ठोकळ्यामागचा स्क्रू फिरवून अंतर पुन्हां जुळवावें लागतें. हा स्क्रू चुकला तर रिव्हेट बाहेरून गोमटा दिसतो आणि आंतून ढिला राहतो.

आतां नातीच्या प्रश्नाकडे वळूं. या यंत्रांत पलीकडच्या बाजूला माणूस नाहींच. घोड्याच्या नालासारख्या जाड पोलादी चौकटीच्या एका टोंकास दट्ट्याची सारी जोडणी असते व समोरच्या टोंकास अचल वाटी असते. पन्नास टनांचा आघात आणि पन्नास टनांचा प्रत्याघात दोन्ही त्या चौकटींतच जिरतात. माणसानें कळ फिरवावी आणि बाजूस उभें राहावें. पण ही सोय महाग पडते. नालाची खोली एक मीटर असेल तर चौकटीला मोडूं पाहणारा जोर पन्नास टन-मीटर. दोन मीटर असेल तर शंभर. खोली वाढली कीं चौकट बोजड होते आणि तिला हालवावयास यारी लागते. पुलाच्या उंच कमानीवर किंवा जहाजाच्या पोटांत अशी चौकट नेणार कशी?

हातांत मावणारा हातोडा

या अडचणीवर अमेरिकेंतील सेंट लुई येथील जोसेफ बॉयर यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तोडगा काढला. त्याचा हवेचा हातोडा एका माणसास उचलतां येण्याजोगा होता. नळकांड्यांत एक पोलादी दट्ट्या मोकळा सोडलेला असतो. मुठींतील कळ दाबली कीं हवा मागून शिरून दट्ट्यास पुढें फेकते व तो स्नॅपच्या बुडावर आदळतो. त्याच वेळीं एक छोटी झडप आपोआप सरकून हवेचा मार्ग बदलते. हवा पुढून शिरते, दट्ट्या मागें येतो आणि झडप पुन्हां फिरते. त्या चिमुकल्या झडपेच्या घडणींतच साऱ्या हातोड्याचें चातुर्य आहे. असे घाव मिनिटाला हजाराच्या आसपास पडूं शकतात.

आतां हिशेब करूं. दट्ट्याची जाडी २७ मिलिमीटर धरली तर त्यावर सुमारें ४० किलोचा रेटा येतो. १५ सेंटिमीटर धांवून तो आदळला म्हणजे, घर्षण व गळती वगळतां, सहा किलोचें वजन एक मीटर उंचीवरून पडल्यासारखा घाव बसतो. परंतु हवा दट्ट्यास जितक्या बळानें पुढें लोटते तितक्याच बळानें नळकांड्याची मागची भिंत मागें लोटते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमांतून कोणासहि सुटका नाहीं. येथें तो रेटा सोसावयास चौकट नाहीं. एका टोंकास हातोडेवाल्याचे मनगट आहे आणि दुसऱ्या टोंकास डॉली धरणाऱ्याचे हात. चौकटीचें सारें वजन यंत्रांतून काढून टाकलें, पण तिचें काम दोन माणसांच्या हाडांवर सोंपविलें. फेअरबेर्नच्या यंत्रानें जो आवाज शांत केला होता तोहि या हातोड्यानें दुपटीनें परत आणला.

या हातोड्यानें जग बांधलें, यांत शंका नाहीं. ज्या लोहमार्गाचें एक टोंक नागपूर, त्याचें दुसरें टोंक हावडा. तेथें १९४३ सालीं खुला झालेला २६,५०० टनांचा पूल नट-बोल्टांवांचून, केवळ रिव्हेटांनीं जोडलेला आहे.

शेजारचे नाना

आमच्या लहानपणीं महालांतील वाड्यांत शेजारीं एक गृहस्थ राहात. आम्ही मुलें त्यांस नाना म्हणत असूं. एका कारखान्यांत त्यांनीं वीसएक वर्षें डॉली धरण्याचें काम केलें होतें. घरांत त्यांच्याविषयीं एक कायमची तक्रार होती. मुलानें हांक मारली कीं नाना ओ देत. सून "मामंजी, पान वाढलें" असें तीनदां म्हणाली तरी ते ढिम्म बसून राहात. सुनेचा समज असा कीं, सासरे आपल्याला मुद्दाम मान देत नाहींत. नातवंडांच्या हांकांनाहि तेंच. सून एकदां माजघरांत रडली, तें आमच्या आईनें पुसलें. नानांचा राग मात्र कोणाच्या मनांतून गेला नाहीं. थंडीच्या सकाळीं पितळेचा तांब्या हातांत घेतला कीं त्यांचीं बोटें खडूसारखीं पांढरीं पडत. त्यासहि सर्वांनीं म्हातारपण असें नांव दिलें होतें.

पुढें पुष्कळ वर्षांनीं आमच्या वाचनांत खरें कारण आलें. ठणठणाटानें कान बिघडतो तो प्रथम उंच स्वरांच्या बाबतींत, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास. पुरुषाचा खर्जांतला आवाज पोंचतो. बायकामुलांचा बारीक आवाज आणि शब्दांतील स, श, त हीं अक्षरें हरवतात. नानांस सून ऐकूंच येत नव्हती. १८८६ सालीं ग्लासगो येथील डॉक्टर टॉमस बार यांनीं बॉयलर बनविणारे शंभर कामगार तपासले. त्यांपैकीं एकाचीहि श्रवणशक्ति निर्दोष आढळली नाहीं. १९१८ सालीं डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनीं अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत हवेचे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांचीं पांढरीं बोटें तपासून, तो कंपनाचा व थंडीचा परिणाम आहे, असें दाखविलें. म्हणजे नानांच्या जन्मापूर्वींच दोन्ही गोष्टी ग्रंथांत नोंदलेल्या होत्या. आमच्या वाड्यापर्यंत त्या पोंचल्या नाहींत, आणि एका घरांतील सासरा व सून जन्मभर एकमेकांवर रुसून राहिलीं.

आजचें नागपूर

वाचक म्हणतील, रिव्हेटचा जमाना आतां गेला. पुलांपुरतें तें बरेंच खरें आहे. गड्डीगोदामजवळ रेल्वेच्या रुळांवरून मेट्रोचा व रस्त्याचा जो दुमजली पोलादी पूल गेला आहे तो उच्च ताणाच्या बोल्टांनीं जोडलेला आहे. पाना फिरवून तेंच आवळण्याचें बळ आतां आवाजावांचून मिळतें. परंतु विमानाची कातडी अजून रिव्हेटांनीं शिवली जाते. बोइंग ७४७ विमानाच्या साठ लाख सुट्या भागांपैकीं निम्मे भाग केवळ जोडणीचे असतात. आणि विमानाचें काम आतां आमच्या गांवीं आलें आहे. मिहानमध्यें दसॉ-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी २०१७ सालीं झाली व तेथें फाल्कन २००० विमानाचे पुढील भाग बनूं लागले. २०२५ सालीं तें सबंध विमानच नागपुरांत जोडण्याचा बेत जाहीर झाला.

विमानाचा रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, लहान, व न तापवितां बसविण्याचा असतो. तो निवून आखडत नाहीं. घावानें फुगून भोंक गच्च भरतो. हातोडाहि लहान असतो. पण जोडी तीच : बाहेर एक हातोडेवाला, आंत एक ठोकळा धरणारा. सुदैवानें उपायहि आतां पुष्कळ आहेत. जेथें कड जवळ असेल तेथें ठोकण्याऐवजीं दाबणारा चिमटा वापरावा. मोठ्या पत्र्यांस भोंक पाडून रिव्हेट दाबणारीं स्वयंचलित यंत्रें लावावीं. मुठींत स्प्रिंग बसवावी. डॉली टंग्स्टनसारख्या अतिजड धातूची घ्यावी, म्हणजे लहान आकारांतहि ती कमी थरथरते. कानांसाठीं हिशेब सोपा आहे. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल. दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबेलला अवघीं पंधरा मिनिटें. रिव्हेटचा हातोडा शंभरावर सहज जातो.

आमच्या पुतण्याची मुलगी आय. टी. आय. मधून शिकून यंदा अशाच जोडकामाच्या नोकरीवर रुजू झाली. घरीं पेढे वाटले गेले. पगार किती, बस कोठून सुटते, जेवणाची सोय काय, हें सर्वांनीं विचारलें. आम्हीं तिला जवळ बसवून दोन प्रश्न अधिक विचारले : "पोरी, तूं कोणत्या बाजूला उभी असतेस? आणि कानांत काय घालतेस?" ती हंसली आणि म्हणाली, "आजोबा, आंतल्या बाजूला. कानाला मफ असतो. पण बोलतांना काढावा लागतो." तो काढूं नकोस, खुणेनें बोल, आणि दर वर्षीं कान तपासून त्याचा कागद घरीं आणून दाखीव, असें आम्हीं तिला बजावलें. ज्यांच्या घरचीं मुलें अशा कामावर जातात त्या वाचकांनींहि हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हातोड्याची घडण सुधारणें इंजिनियरांच्या हातीं आहे. घरांतल्या माणसाला हांक ऐकूं येते कीं नाहीं हें पाहणें आपल्या हातीं आहे.