श्वास आणि कंबर

दुखते कंबर, आणि श्वास चालतो छातीत. मग या दोघांचा संबंध काय? संबंध आहे. तो नीट समजून घेऊ या.

आपली छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. तो घुमटासारखा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. आपण श्वास घेतो तेव्हा तो खाली सरकतो. छातीत हवा शिरते, पोट थोडे पुढे येते. या पडद्याचे मागचे टोक कमरेच्या मणक्यांना जोडलेले असते.

हा पडदा आणखीही एक काम करतो. धान्याने गच्च भरलेले पोते ताठ उभे राहते. अर्धे रिकामे पोते कलंडते. आपल्या पोटाचेही तसेच आहे. पडदा वरून दाबतो. पोटाचे स्नायू पुढून आणि बाजूंनी आवळतात. त्यामुळे आत दाब तयार होतो. त्या दाबाचा कण्याला आधार मिळतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी एक गंमत दाखवली. उभा माणूस झटकन हात उचलतो, तेव्हा हात हलण्याच्या आधीच हा पडदा आवळतो. तोल जाऊ नये म्हणून शरीर आधीच तयारी करते, बरे का!

पण गडी एक आणि कामे दोन. धाप लागली की पडदा श्वासाच्याच मागे लागतो. तोल सांभाळायचे काम मागे पडते. म्हणून चढ चढून आल्यावर लगेच ओझे उचलू नये. आधी दम खावा. मग गुडघे वाकवून, ओझे अंगाजवळ धरून उचलावे.

बेल्जियम देशातील ल्यूव्हेन येथे कंबरदुखीच्या २८ माणसांवर एक प्रयोग झाला. तो २०१५ साली छापून आला. काहींनी ८ आठवडे जोर लावून श्वास ओढण्याचा व्यायाम केला. त्यांचे दुखणे कमी झाले. बाकीच्यांनी अगदी हलका व्यायाम केला. त्यांना तसा गुण आला नाही. मात्र माणसे थोडी होती. म्हणून याला रामबाण उपाय समजू नये. कंबर दुखण्याची कारणे अनेक असतात.

घरी एवढे करून पाहा. उताणे निजा. गुडघे वाकवा. पोटावर हात ठेवा. सावकाश श्वास घ्या. हात वर आला, म्हणजे पडदा नीट चालला. रोज थोडा वेळ असे करावे, आणि चालणे-फिरणे सोडू नये.

पण पाय बधिर झाला, पायातले बळ गेले, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.