आकडा चढतो, वेग उतरतो

सप्टेंबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डाचा मेमरी क्लॉक कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ११८८ मेगाहर्ट्‌झ दिसतो, क्लॉक बदलण्याच्या आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास आणि जाहिरातीत १९ गिगाबिट. तिन्ही आकडे खरे आहेत; मूळ क्लॉकची कितवी पट मोजायची, एवढाच फरक. दर सेकंदाला एका वाहिनीवरून १९ गिगाबिट, अशा ३२० वाहिन्या. आठने भागले की ७६० गिगाबाइट. मात्र ही क्षमता झाली. तिच्यातली किती खरोखर कामी येते, हे यांपैकी एकही आकडा सांगत नाही, आणि ओव्हरक्लॉकिंग करणारे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा क्लॉक वाढवणारे, नेमके इथेच फसतात.

या कार्डातली मायक्रॉनची जीडीडीआर६एक्स मेमरी दोनऐवजी चार व्होल्टेज पातळ्या वापरते, म्हणून एका स्पंदात दोन बिट जातात. पातळ्या जवळ आल्या की चुकीच्या वाचनाची शक्यता वाढते. त्यावरचा उपाय मला विलक्षण वाटतो: डेटाची पडताळणी होते आणि मेळ बसला नाही तर तोच डेटा पुन्हा मागवला जातो. पूर्वी पडद्यावर ठिपके उमटेपर्यंत क्लॉक वाढवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा, अशी रीत होती. आता पडदा स्वच्छच राहतो. फेरपाठवणीत वेळ जातो, क्लॉक चढतो आणि फ्रेम घटतात. चूक पकडली जाते तर बिघडले काय, असे कोणी विचारेल. ज्या वेगासाठी हा खटाटोप, तोच हातचा जातो, हे बिघडते.

इथेरियम या कूटचलनाचे मायनिंग करणारे मेमरीचा क्लॉक वाढवून कमावत होते, हा आक्षेप वजनदार आहे. सप्टेंबर २०२२ पर्यंत चाललेले ते गणित मुख्यतः मेमरीच्या वेगावर अडायचे, म्हणून फायदा खरा होता. पण ती माणसे क्लॉकवर समाधान मानत नव्हती, हॅशरेट, म्हणजे प्रत्यक्ष गणनेचा वेग, पाहत होती. गेममध्ये बहुतेकदा अडसर मेमरीचा नव्हे, जीपीयूच्या गाभ्याचा असतो, त्यामुळे लाभ मुळातच थोडा. त्यात उष्णतेची भर. आरटीएक्स ३०९० च्या २४ मेमरी चिपांपैकी निम्म्या पाठीमागे, मुख्य पंख्यांपासून दूर आहेत. चिप फार तापली की कार्ड स्वतःच वेग कमी करते. तेव्हा क्लॉक लहान पायऱ्यांनी वाढवा, कार्ड पूर्ण तापल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्या आणि फ्रेम घटू लागताच एक पायरी खाली या.