आशाताई म्हणजे अर्ध्या डॉक्टर नव्हेत

आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांचं, प्रशिक्षण म्हणजे डॉक्टरकीचा आखूड अभ्यासक्रम, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यात धोका वेळीच ओळखणं, ठरवून दिलेले उपचार करणं आणि दवाखान्यात कधी धाडायचं, हे शिकवतात. रेल्वेच्या फाटकवाल्याला इंजिन दुरुस्त करता येत नाही. फाटक कधी पाडायचं, हे मात्र चुकून चालत नाही. उदाहरणार्थ, दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे; ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तरी तेवढेच आले तर धोका समजायचा. रडणाऱ्या बाळाचा आकडा फसवतो, त्यामुळे हे पाठ करून येत नाही, करून करूनच हातात बसतं.

कमी शिकलेल्या बाईवर एवढी भिस्त ठेवावी का, ही शंका रास्त आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत तिथल्याच बायकांना अशा कामासाठी तयार केलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळं) तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटला. अर्थात तिथं नियमित देखरेखही होती; नुसती शिबिरं उरकून तो आकडा आला नसता.